ताऱ्यांचे खरे तेज ओळखणारे डॉ. वेणू बाप्पू



आगमनकाळ सुरू आहे. गेल्या शनिवारी रात्री नाताळच्या गाण्यांचा सराव संपत आला आणि नेमकी वीज गेली. मुले चर्चच्या अंगणात येऊन उभी राहिली. डोळे अंधाराला सरावले तसे आकाश चांदण्यांनी भरून गेलेले दिसू लागले. पूर्वेला बराच वर आलेला एक तांबूस तारा ठळक चमकत होता. आमच्या वेदीसेवकांपैकी एका लहानग्याने आम्हांला विचारले की हा तारा खरोखरच मोठा आहे, की नुसता जवळ असल्यामुळे मोठा दिसतो?

तो तारा रोहिणी, एवढे आम्हांला ठाऊक होते. पुढचे उत्तर मात्र आमच्यापाशी नव्हते. नंतर वाचन केले तेव्हा कळले की या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची एक सुंदर रीत ज्यांनी जगाला दिली, त्यांत एक भारतीय होता आणि तो आपल्याच जुन्या संस्थानाच्या राजधानीत वाढला होता. त्यांचे नाव डॉ. वेणू बाप्पू. आज त्यांच्या जीवनाकडे थोडे पाहू या.

आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल की १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला धाराशिव जिल्हा, म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आपले आजोबा-पणजोबा ज्या संस्थानाची प्रजा होते, त्याच संस्थानाच्या राजधानीत नवाब जफर जंग यांनी १९०१ साली स्वतःच्या हौसेने एक वेधशाळा उभी केली. त्यांच्या मृत्यूनंतर निजाम सरकारने ती आपल्या ताब्यात घेतली आणि पुढे ती बेगमपेठेत नांदू लागली. हीच निजामिया वेधशाळा.

या वेधशाळेचे आपल्या ख्रिस्तसभेशीही एक नाते आहे. १८८७ साली पॅरिस येथे जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी असे ठरवले की साऱ्या आकाशाची छायाचित्रे काढायची आणि त्यावरून ताऱ्यांची एक मोठी यादी तयार करायची. काम अफाट, म्हणून आकाशाचे पट्टे पाडून ते वेगवेगळ्या वेधशाळांनी वाटून घेतले. एक पट्टा व्हॅटिकनच्या वेधशाळेकडे होता आणि एक पट्टा पुढे हैदराबादकडे आला. व्हॅटिकनच्या वाट्याच्या काचपट्ट्या मोजण्याचे काम मारिया बांबिना संघाच्या चार धर्मभगिनींनी केले. १९१० ते १९२१ या काळात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्यांनी ४,८१,२१५ ताऱ्यांच्या जागा मोजून नोंदवल्या! एमिलिया पोंझोनी, रेजिना कोलंबो, कोन्चेता फिनार्दी आणि लुईजिया पांचेरी ही त्यांची नावे जगाला कळली ती थेट २०१६ साली. इकडे हैदराबादेतही असेच शांतपणे, वर्षानुवर्षे मोजमाप चालू होते. त्या वेधशाळेत सहायक म्हणून काम करणारे एक गृहस्थ म्हणजे वेणू बाप्पूंचे वडील.

मनाली कल्लट वेणू बाप्पू यांचा जन्म १० ऑगस्ट १९२७ रोजी मद्रास येथे झाला. घराणे मूळचे केरळातले. आईवडिलांचे ते एकुलते एक. वडिलांच्या नोकरीमुळे बालपण हैदराबादेत गेले. ज्या वयात मुले अंगणात खेळतात, त्या वयात हा मुलगा वडिलांबरोबर वेधशाळेत जाऊन दुर्बिणीशी ओळख करून घेत होता. शाळा झाली, निजाम कॉलेजात शिक्षण झाले. पण मन आकाशात गुंतले ते गुंतलेच. विद्यार्थीदशेतच त्यांनी तेज कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्यांची निरीक्षणे केली आणि आपले लेख शास्त्रीय नियतकालिकांत छापून आणले. वडिलांकडे पैसा नव्हता, पद मोठे नव्हते. मुलाला देण्याजोगी एक गोष्ट त्यांच्यापाशी होती, ती म्हणजे आपल्या कामाची गोडी. ती त्यांनी दिली.

१९४८ सालची धामधूम आपल्या भागाने सोसली आहे. घराघरांत त्या आठवणी आहेत. वेणू तेव्हा एकवीस वर्षांचा तरुण होता. त्यानंतर थोड्याच महिन्यांत, १९४९ साली, हैदराबाद सरकारची शिष्यवृत्ती घेऊन तो अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाला.

तेथे गेल्यावर काही महिन्यांतच एक नवल घडले. २ जुलै १९४९ च्या रात्री आकाशाचे छायाचित्र घेतले असता काचेवर एक अनोळखी धूसर ठिपका दिसला. तो नवा धूमकेतू होता! त्यांचे शिक्षक बार्ट बोक आणि सहाध्यायी गॉर्डन न्यूकर्क या दोघांसह त्या धूमकेतूला बाप्पूंचेही नाव मिळाले. त्याबद्दल त्यांना पदकही मिळाले. १९५२ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि कार्नेगी संस्थेची शिष्यवृत्ती मिळून ते कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेत गेले. तेथील २०० इंची दुर्बीण त्या काळी जगात सर्वांत मोठी होती. येथेच त्यांच्या हातून ते काम झाले, ज्यात आमच्या वेदीसेवकाच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

प्रश्न नीट समजून घेऊ या. रात्री सोलापूर रस्त्याने येताना दूर एक दिवा दिसतो. तो जवळच्या वस्तीवरचा लहान दिवा आहे की लांबच्या डोंगरावरचा मोठा झोत? नुसते पाहून सांगता येत नाही. ताऱ्यांचेही तसेच. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना दिसणे आणि असणे यांतील फरकावर आम्ही पुष्कळ पाने लिहिली होती. पण खगोलशास्त्रज्ञांना हा फरक रोज रात्री प्रत्यक्ष भेटतो, हे तेव्हा ध्यानात आले नव्हते.

यावर उपाय काय? ताऱ्याचा प्रकाश लोलकातून नेला की इंद्रधनुष्यासारखा रंगांचा पट्टा पडतो. त्याला वर्णपट म्हणतात. त्या पट्ट्यात बारीक काळ्या रेघा असतात. ताऱ्यातील प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक जागी अशी रेघ उमटवते. आपल्या हाडांत आणि भिंतीच्या चुन्यात जे कॅल्शियम असते, तेही ताऱ्यांत असते आणि वर्णपटाच्या जांभळ्या टोकाला त्याच्या दोन ठळक काळ्या रेघा दिसतात. त्यांपैकी एकीला के रेघ म्हणतात. पिवळ्या, नारिंगी आणि तांबड्या ताऱ्यांत या काळ्या रेघेच्या अगदी मधोमध एक बारीक उजळ रेघ दिसते. काळ्या काठाच्या मधोमध जरीचा एक धागा विणलेला असावा, तशी.

ओलिन विल्सन हे तेथील ज्येष्ठ शास्त्रज्ञ. विल्सन आणि बाप्पू यांनी १८५ ताऱ्यांच्या वर्णपटांत हा उजळ धागा किती रुंद आहे ते मोजले. त्यातून आढळले की तारा मुळात जितका तेजस्वी, तितका हा धागा रुंद. धागा फिकट आहे की ठळक, तारा अधिक तापलेला आहे की कमी, याने फारसा फरक पडत नाही. ताऱ्याचे मूळ तेज दहा लाख पटींनी वाढले की धाग्याची रुंदी सुमारे दहा पटींनी वाढते. म्हणजे ताऱ्याने आपले खरे तेज आपल्याच प्रकाशात लिहून ठेवलेले असते! खरे तेज कळले की ते दिसणाऱ्या तेजाशी ताडून पाहायचे. मग अंतर आपोआप निघते. १९५७ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि आज जगभर ते विल्सन-बाप्पू परिणाम या नावाने ओळखले जाते.

अशा मोजपट्टीवर खुणा करायच्या तर आधी काही ताऱ्यांचे अंतर निश्चित ठाऊक असायला हवे. येथे तारकागुच्छ उपयोगी पडतात. रोहिणीभोवती इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा ताऱ्यांचा एक घोळका दिसतो. हायडीज हे त्याचे नाव. हे तारे एकाच वायुमेघातून एकाच सुमारास जन्मलेले, जणू एका घरातली भावंडे. त्यांचे अंतर सुमारे १५० प्रकाशवर्षे. त्यांतले काही नारिंगी, फुगलेले राक्षसी तारे आणि आपला सूर्य यांच्या आधारे त्या मोजपट्टीच्या खुणा पक्क्या झाल्या. आणि गंमत पाहा! ज्या रोहिणीवर आपली नजर पहिल्यांदा जाते, ती या कुटुंबातली नाहीच. ती अवघ्या ६५ प्रकाशवर्षांवर आहे, निम्म्याहूनही कमी अंतरावर. घोळक्याच्या रांगेत उभी आहे म्हणून ती त्यांच्यातली वाटते, एवढेच.

तारकागुच्छांचे आणखी एक महत्त्व आहे. सारे तारे एका वयाचे असूनही सारख्या गतीने म्हातारे होत नाहीत. ज्याच्याजवळ द्रव्य जास्त, त्याचा खर्च त्याहून कितीतरी जास्त. आपला सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षे शांतपणे तेवत आहे आणि अजून तितकाच काळ तेवेल. पण सूर्याच्या दहा-पंधरा पट भारी तारा एक-दोन कोटी वर्षांतच आपले इंधन उधळून टाकतो, फुगतो, तांबडा होतो. असा तारा म्हणजे महाराक्षसी तारा. शर्मिष्ठा आणि ययाती या तारकासमूहांच्या मध्ये एक जोडगुच्छ आहे, सुमारे साडेसात हजार प्रकाशवर्षांवर. अंधाऱ्या रात्री तो नुसत्या डोळ्यांनाही धुरकट ठिपक्यासारखा दिसतो. त्याचे वय फक्त १.४ कोटी वर्षांच्या आसपास, म्हणजे आकाशाच्या हिशेबात पाळण्यातले बाळ. पण त्या परिसरात आताच कित्येक तांबडे महाराक्षसी तारे आहेत. तरुण गुच्छातील हे म्हातारे तारे पाहूनच तारे कसे जगतात आणि कसे संपतात, हे शास्त्रज्ञांना पडताळता येते. गुच्छाचे वय ताऱ्यावरून आणि ताऱ्याची अवस्था गुच्छावरून. एकाची साक्ष दुसऱ्याला. डॉ. बाप्पूंना जन्मभर ओढ होती ती अशाच भारी ताऱ्यांची, विशेषतः आपले बाहेरचे थर वाऱ्यासारखे उधळून देणाऱ्या वुल्फ-रायेट ताऱ्यांची.

इतके मोठे काम हाती आलेले, जगातली सर्वांत मोठी दुर्बीण वापरायला मिळालेली. अशा तरुणाने काय करावे? १९५३ साली डॉ. बाप्पू भारतात परत आले. येथे तोडीची एकही दुर्बीण त्यांची वाट पाहत नव्हती. १९५४ साली उत्तर प्रदेश सरकारने वाराणसीत नवी वेधशाळा सुरू केली, तिची जबाबदारी त्यांनी घेतली. वाराणसीचे आकाश कामाला पुरेसे स्वच्छ नाही हे पाहून त्यांनी ती वेधशाळा नैनितालच्या डोंगरांत हलवली. ती आजही तेथे आहे आणि पुढे तरुण तारकागुच्छांचा दीर्घ अभ्यास तेथूनच झाला.

१९६० साली ते तमिळनाडूतील कोडाईकॅनाल वेधशाळेचे संचालक झाले. तेथे मुख्यतः सूर्याचा अभ्यास चाले. आपल्या महाराष्ट्राचा एक धागा येथेही आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजात प्रा. कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ साली एक वेधशाळा उभारली होती. १९१२ साली नेगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि तिची २० इंची दुर्बीण कोडाईकॅनालला गेली. माणूस गेला की काम थांबते, ही आपल्याकडची जुनी व्यथा. डॉ. बाप्पूंनी जणू निश्चय केला होता की आपल्या मागे असे होऊ द्यायचे नाही.

म्हणून त्यांनी जागा शोधली. जवादी डोंगरात, रानाच्या कुशीत कावलूर नावाचे एक छोटे गाव. येथून उत्तरेचे आणि दक्षिणेचे, दोन्हीकडचे आकाश दिसते. पहिली दुर्बीण ३८ सेंटिमीटरची. ती परदेशातून आणली नाही. संस्थेच्या स्वतःच्या कार्यशाळेत घडवली. १९६८ साली तेथे काम सुरू झाले. १९७२ मध्ये एक मीटर व्यासाची दुर्बीण आली आणि १० मार्च १९७७ रोजी युरेनस ग्रहाभोवतीच्या कड्यांचा शोध ज्या निरीक्षणांतून लागला, त्यांत कावलूरही होते. दरम्यान १९७१ साली भारतीय खगोलभौतिकी संस्था स्वतंत्रपणे उभी राहिली. तिचे संचालक अर्थातच डॉ. बाप्पू.

पण त्यांचे स्वप्न मोठे होते. दोन मीटरहून मोठ्या व्यासाची दुर्बीण संपूर्णपणे भारतात बांधायची! विकत घेणे सोपे होते. पण विकत घेतलेल्या यंत्राने यंत्र मिळते, घडवणारे हात मिळत नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. काचेचा भला मोठा तुकडा तेवढा बाहेरून आणला. तो घासून, तासून, आरसा करण्याचे काम आपल्याच कारागिरांनी बंगळूरमध्ये केले. हे वर्षानुवर्षांचे काम. घाई केली की आरसा बिघडतो. दरम्यान मानसन्मान येत गेले. १९७९ साली ते आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेचे अध्यक्ष निवडले गेले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. १९८१ साली पद्मभूषण मिळाले. या साऱ्यात उर्दू शायरी, चित्रकला आणि बागेतील फुलझाडे यांची आवड त्यांनी जपली होती. हैदराबाद त्यांच्यातून कधी गेले नाही.

ऑगस्ट १९८२ मध्ये ग्रीसमधील पात्रास येथे त्या संघटनेचे अधिवेशन होते. अध्यक्ष या नात्याने त्यांनी तेथे असायचे. पण हृदयाचे दुखणे बळावले. जर्मनीत म्युनिक येथे शस्त्रक्रिया झाली आणि अधिवेशन चालू असतानाच १९ ऑगस्ट १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे पंचावन्न. दुर्बीण अजून अपुरी होती. तिच्यातून त्यांना एकदाही आकाश पाहता आले नाही.

प्रिय भाविकांनो, येथे आम्हांला मोशेची आठवण होते. चाळीस वर्षे लोकांना रानावनातून नेले, आणि वचनदत्त भूमी मात्र नबो डोंगरावरून नुसती दुरून पाहिली. मोशे भूमीत गेला नाही म्हणून त्याचे चालणे वाया गेले का? नाही. लोक गेले. डॉ. बाप्पूंच्या सहकाऱ्यांनीही काम थांबू दिले नाही. २.३४ मीटर व्यासाची ती दुर्बीण पूर्ण झाली आणि ६ जानेवारी १९८६ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते तिला वेणू बाप्पू यांचे नाव देण्यात आले. ६ जानेवारी हा परंपरेने तीन राजांचा सण. ताऱ्याचा माग काढत निघालेल्या ज्ञानी लोकांचा दिवस! कोणी मुद्दाम जुळवले नसेल, पण आम्हांला ते फार आवडले.

आता आपल्या घराकडे वळू या. आपल्या धर्मग्रामातील किती मुले शिकून पुण्या-मुंबईला, आखाती देशांत गेली आहेत! जाणे वाईट नाही, डॉ. बाप्पूही गेले होते. पोटापाण्यासाठी जो दूर राहतो त्याला आम्ही बोल लावणार नाही. पण कधीतरी एखाद्याच्या मनात येते की आपण परत जावे, आपल्या गावात शाळा चालवावी, दवाखाना काढावा. आणि आपणच त्याला वेड्यात काढतो. येथे काय ठेवले आहे, असे म्हणतो. पुढच्या वेळी असे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढीच आमची विनंती. येथे काही ठेवलेले नसते, हे खरे. ते कोणीतरी येऊन ठेवावे लागते.

आणि आईवडिलांना एक सांगणे. वेणूच्या वडिलांनी मुलाला वेधशाळेत नेले. आपण आपल्या मुलांना निदान गच्चीवर न्यावे. मोठ्या शहरांतील लोकांना जे आकाश पैसे देऊन पाहायला मिळत नाही, ते आपल्या शिवारावर रोज रात्री फुकट पसरलेले असते. रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायला जाणारे आपले शेतकरी ते रोज पाहतात. १९९३ च्या भूकंपानंतर उमरगा-लोहारा भागात कित्येक रात्री लोक घराबाहेर, याच आकाशाखाली निजले. पवित्र शास्त्रात ईयोबाच्या ग्रंथात, सर्व काही गमावलेल्या त्या माणसाच्या गोष्टीत, कृत्तिका आणि मृगशीर्ष यांची नावे येतात. दुःखी माणसाला परमेश्वर तारे दाखवतो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या नाताळात मध्यरात्रीच्या मिस्साला येताना थोडे वर पाहा. डोक्यावर रोहिणी असेल, तिच्या पश्चिमेला कृत्तिकांचा झुबका, पूर्वेला मृग नक्षत्र आणि त्यात तांबडा काक्षी, ज्याला बीटलज्यूस म्हणतात.

आमच्या त्या लहानग्या वेदीसेवकाला आता उत्तर देता येईल. बाळा, तुझे दोन्ही तर्क बरोबर आहेत. रोहिणी सूर्याच्या चाळीस पटींहून रुंद आहे, म्हणून मोठी. आणि ६५ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणून त्या मानाने जवळ. पण तिच्या खालचा काक्षी तिच्या कितीतरी पट दूर आहे आणि तिच्याहून कितीतरी मोठा, सूर्याच्या शेकडो पट. तो महाराक्षसी तारा. डोळ्यांना दोघे जवळपास सारखेच दिसतात. कोण किती मोठे, हे त्यांच्या प्रकाशातली बारीक रेघ मोजल्यावर कळते, आणि ती कशी मोजावी हे जगाला दाखवणाऱ्यांत हैदराबादेत वाढलेला एक मुलगा होता.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वादित करो. आगमनकाळाच्या शुभेच्छा!

आपले फादर